केस मागे घेतो म्हणणाऱ्याच्या हातात पोराची दोरी देऊ नका

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून पत्र आलंय, लिहिणाऱ्या ताई अंगणवाडी सेविका आहेत. पत्र चार पानी आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

"मॅडम, दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावात एका स्टेटसवरून दंगल झाली. दगडफेक झाली, दोन दुकानं आणि पोलिसांची एक जीप जाळली, एका हवालदाराच्या डोक्याला मोठा मार लागला. माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. त्या संध्याकाळी तो बहिणीला आणायला एसटी स्टँडवर गेला होता. एफआयआरमध्ये ३४ नावं होती, त्यात हा नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला घरातून उचललं. १९ दिवस आत होता, आता जामीन झालाय, दर रविवारी हजेरी आहे. ज्यांनी चौकात माईक हातात घेऊन भाषण केलं ते मोकळे फिरतायत. आता त्यांच्यातलेच एक भाऊ घरी येतात, म्हणतात ताई काळजी करू नका, सरकार आपलंच आहे, केस मागे घेऊ, फक्त पोराला आपल्यासोबत राहू द्या, निवडणूक जवळ आलीय. मिस्टर म्हणतात हो म्हणून टाकू. मला झोप लागत नाही. आम्ही कुठल्या समाजाचे ते मुद्दाम लिहीत नाही, त्यावरून तुमचं उत्तर बदलायला नको. हे सगळं राजकारण आहे का? आणि भरतीच्या फॉर्मवर काय लिहायचं? पोरगा खोलीबाहेर येत नाही."

ताई,

समाज लिहिला नाहीत ते बरं केलंत, उत्तर खरंच बदलत नाही. आणि मिस्टरांना आधी हे वाचून दाखवा, कारण हो म्हणून टाकू असं त्यांना वाटणं मला पूर्ण समजतं, १९ दिवस पोरगा आत असताना बापाच्या पोटात काय कालवतं ते मी कोर्टाच्या व्हरांड्यात खूपदा पाहिलंय. पण उत्तर नाही असंच आहे. त्या भाऊंना चहा पाजा, गोड बोला, वाकडं काही बोलू नका, पण पोराला त्यांच्यासोबत पाठवू नका आणि त्यांच्या शब्दावर केस सोडून देऊन बसू नका.

का ते सांगते, थोडं लांबेल.

मी सात वर्षं सरकारी बाजूनं उभी राहिले, मॅजिस्ट्रेट कोर्टात एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील होते, आणि त्यानंतरची सगळी वर्षं आरोपींच्या बाजूनं. त्यामुळे दंगलीच्या केसचा कागद कसा तयार होतो ते दोन्हीकडून बघितलंय. दंगल झाली त्या रात्री पोलीस ठाण्यात काय असतं, वरून फोनवर फोन येत असतात, किती अटक झाली किती अटक झाली, सकाळी टीव्हीवर आकडा सांगायचा असतो. मग एक फौजदार फिर्याद लिहितो, जेवढे चेहरे ओळखीचे तेवढी नावं टाकतो आणि शेवटी एक ओळ येते, तुमच्याही एफआयआरमध्ये असणार बघा, "व इतर २५० ते ३०० अनोळखी इसम". सगळी गोम या ओळीत आहे ताई. ती ओळ म्हणजे उघडं ठेवलेलं दार. त्या दारातून पुढचे दोन-तीन महिने कुणालाही आत घेता येतं, त्यासाठी एक पुरवणी जबाब लागतो, की "सदर जमावात मी अमुक यास पाहिले होते, पहिल्या जबाबाचे वेळी गडबडीत नाव सांगायचे राहून गेले". तुमच्या मुलाचं नाव तिसऱ्या दिवशी आलं म्हणजे याच रस्त्यानं आलं असणार. कुणी दिलं असेल? खबऱ्यानं, गल्लीतल्या जुन्या भांडणातल्या कुणी, मोबाइल टॉवरच्या यादीनं, एखाद्या व्हिडिओच्या कडेला तो दिसला म्हणून, काहीही असू शकतं. प्रत्येक वेळी त्यात राजकारण असतंच असं नाही, बरेचदा नुसती घाई आणि आकड्याची भूक असते.

राजकारण बघायचंच असेल तर यादीत कोण नाहीये ते बघा. तुम्ही ते बघितलंच आहे, माईकवाले. आपल्याकडे चार्जशीट कुणावर जाणार हे सरकारी वकील ठरवत नाही, पोलीस ठरवतात, आणि पोलिसांच्या बदल्या कुणाच्या हातात असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यात भाषणाचं कलम आणखी वेगळं आहे, समाजासमाजात द्वेष पसरवण्याचं, पूर्वीचं १५३अ आणि आताचं भारतीय न्याय संहितेतलं १९६. हे कलम लावलं तरी सरकारची मंजुरी असल्याशिवाय कोर्ट त्याची दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे दगड मारणाऱ्या पोरावर खटला चालवायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि दगड मारायला लावणाऱ्या भाषणावर चालवायला मंत्रालयातून सही यावी लागते. कायदा करताना हेतू चांगला होता, उठसूट कुणी कुणाच्या बोलण्यावर केस करू नये असा, पण प्रत्यक्षात ती फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस झोपते ते सत्तेवर कोण आहे त्यावर ठरतं.

मुंबईचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत ९०० माणसं गेली, हा आकडा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला. त्या दिवसांतल्या 'सामना'च्या अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरेंवर खटला चालवायचा की नाही हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला, सरकारं आली गेली. शेवटी २००० च्या जुलैमध्ये छगन भुजबळ गृहमंत्री असताना मंजुरी निघाली, सगळी मुंबई श्वास रोखून बसली, २५ जुलैला अटक झाली, कोर्टात हजर केलं आणि मॅजिस्ट्रेटनी त्याच दिवशी केस बंद केली, कारण अशा गुन्ह्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते आणि इथं सात वर्षं उलटली होती. एका काळात सही न करणं हे राजकारण होतं की दुसऱ्या काळात सही करणं हे राजकारण होतं, यावर लोक आजही भांडतात. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही वेळा ज्यांची घरं जळली होती त्यांच्या हातात काही आलं नाही. माजी खासदार मधुकर सरपोतदारांना त्या वेळच्या भाषणासाठी शिक्षा झाली ती २००८ मध्ये, एक वर्षाची, घटनेनंतर पंधरा वर्षांनी. आणि दंगलीनंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ ला, बॉम्बस्फोट झाले, २५७ जण गेले, त्याला टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लागला, विशेष कोर्ट बसलं, १०० जण दोषी ठरले. ते व्हायलाच हवं होतं. पण दंगलीच्या ढीगभर फाइली मात्र ए समरी होऊन, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा शेरा मारून, बंद झाल्या. बंद पडलेल्या अशा केसेसचा शोध घ्या असं सुप्रीम कोर्टाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगावं लागलं. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात सुरू झालेल्या दोन गोष्टी, आणि कायद्याचं वजन किती वेगळं पडलं बघा. श्रीकृष्ण आयोगानं तर पोलिसांच्या मनात मुस्लिमांविषयी पूर्वग्रह होता हेही स्पष्ट लिहून ठेवलंय. समाज सांगितला नाहीत तरी हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. मी तुम्हाला देत असलेला सल्ला दोन्हीकडच्या आईला तोच आहे, पण दोन्हीकडच्या आईला सारखंच सोसावं लागतं असं मी म्हणणार नाही.

आता त्या भाऊंच्या शब्दाकडे येते. "केस मागे घेऊ."

हे होतं का? होतं. महाराष्ट्रात हा जवळपास ठरलेला कार्यक्रम आहे. आंदोलनं होतात, हजारो पोरांवर गुन्हे पडतात, मग मागणी होते, मग समिती बसते, मग जीआर निघतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुखांनी विधिमंडळात सांगितलं होतं की कोरेगाव भीमाच्या ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले आणि मराठा आरक्षण आंदोलनाच्या ५४८ पैकी ४६०. यातल्या कितीतरी पोरांचा खरंच काही दोष नसेल, रस्ता अडवला, घोषणा दिल्या, एवढ्यावर कलमं लागली असतील, त्यांची सुटका झाली याचा मला आनंदच आहे. पण या जीआरमध्ये साधारण दोन अटी असतात ज्या भाऊ लोक कधी सांगत नाहीत. जीवितहानी झालेली नसावी, आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. तुम्ही लिहिलंय दोन दुकानं जळली आणि पोलिसांची जीप जळली. ताई, जीपच्या पंचनाम्यात काय रक्कम लिहिलीय ते बघा, मला वाटतं ती एकटीच पाचाच्या वर जाईल. त्यात हवालदाराच्या डोक्याला मोठा मार, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं १०९ लावलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ही काही राजकीय आंदोलनाची केस म्हणून समितीपुढे सहज जाणारी केस नाही. त्या भाऊंना हे माहीत नसेल तर ते अडाणी आहेत आणि माहीत असेल तर ते तुम्हाला फसवतायत, दोन्हीत तुमचा फायदा नाही.

शिवाय सरकारनं ठरवलं म्हणजे केस संपली असंही नसतं. सरकारी वकिलानं स्वतः विचार करून अर्ज द्यायचा असतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३२१ आणि नवीन नागरिक सुरक्षा संहितेतलं ३६०, आणि कोर्टाची संमती लागते. कायद्यात वकिलाचं नाव आहे, सरकारचं नाही. सरकार सुचवू शकतं, हुकूम करू शकत नाही.

कागदावर असं आहे. मी स्वतः काय केलं ते सांगते. एपीपी असताना एका बंदच्या केसमध्ये असा अर्ज माझ्याकडे आला, छापील मजकूर, फक्त गुन्हा नंबर आणि तारखेच्या जागा रिकाम्या, वरचं पत्र सोबत जोडलेलं, "सार्वजनिक हितास्तव" हे शब्द आधीच टाइप केलेले. त्याच दिवशी त्या केसमधला साक्षीदार समन्स मिळालं म्हणून कोर्टात आला होता, एसटीचा ड्रायव्हर, दगडानं फुटलेल्या काचेनं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, ती नीट मिटत नव्हती. दाराशी उभा राहून मला म्हणाला, मॅडम माझी साक्ष आज होणार ना, मी ड्युटी बदलून आलोय. मी त्याला म्हटलं, तुम्ही जा, आज होणार नाही. अर्ज मी सही करून पुढे ठेवला, केसचे कागद नीट उघडलेही नाहीत. आरोपी सुटले, बाहेर गुलाल उडाला. त्यातली निम्मी पोरं खरोखर निर्दोष होती असं मला नंतर कागद वाचून वाटलं, पण निम्मी नव्हती, आणि ते वेगळं करणं हेच तर माझं काम होतं, त्याचाच मला पगार मिळत होता. तो ड्रायव्हर मला अजून आठवतो.

म्हणून मला हा विषय दोन्ही बाजूंनी लागतो. तुमच्या गावात ज्यांची दुकानं जळली त्यांचाही विचार करा, ते तुमच्या घरी चहाला येत नसतील पण त्यांनाही झोप लागत नसणार. नवीन कायद्यात, १ जुलै २०२४ पासून, एक चांगली गोष्ट आलीय की पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टानं केस मागे घ्यायला परवानगी द्यायची नाही. म्हणजे उद्या भाऊंनी अर्ज लावलाच तर तो दुकानदार उभा राहून नको म्हणू शकतो, आणि त्या अर्जात तुमचा मुलगा माईकवाल्यांच्या ओळीत उभा असेल. दुकानदाराला तो कसा दिसेल सांगा? एसटी स्टँडवर बहिणीला आणायला गेलेला पोरगा म्हणून की त्यांच्यातलाच एक म्हणून?

कोर्टंही आता पूर्वीसारखी सही बघून सही करत नाहीत. २०१३ च्या मुजफ्फरनगर दंगलीच्या ५१० केसेसपैकी ७७ केसेस उत्तर प्रदेश सरकारनं काही कारण न देता मागे घेतल्याचं सुप्रीम कोर्टापुढे आलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टानं सांगितलं की आजी-माजी आमदार खासदारांवरच्या केसेस हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. त्याच्या पंधरा दिवस आधी केरळचं प्रकरण झालं, २०१५ मध्ये विधानसभेत बजेटच्या दिवशी तोडफोड केलेल्या आमदारांचा पक्ष पुढे सत्तेत आला, त्यातले काही तर मंत्रीही झाले, सरकारनं केस मागे घ्यायचा प्रयत्न केला, सुप्रीम कोर्टानं नाही म्हणून सांगितलं. म्हणजे ज्यांच्या हातात सगळं आहे त्यांचंही प्रत्येक वेळी जमत नाही, आणि भाऊंच्या हातात काय आहे? एक कार्ड आणि एक स्कॉर्पिओ.

खरी भीती वेगळीच आहे आणि ती मिस्टरांना नीट समजावून सांगा. केस मागे घेण्याचं आश्वासन कधी पूर्ण करायचं नसतं, ते लटकत ठेवायचं असतं. केस लटकत आहे तोवर पोरगा यांच्या मोर्चात, यांच्या मिरवणुकीत, यांच्या बूथवर. दुसरी दगडफेक झाली की हा पुन्हा पहिल्या रांगेत आणि आता अंगावर जुना गुन्हा, म्हणजे चॅप्टर केस, नीट वागेन असं बंधपत्र लिहून घेण्याची, मग तडीपारीचा प्रस्ताव. मी अशी पोरं बघितलीत, २२ व्या वर्षी एका केसमध्ये आलेली आणि ३० व्या वर्षी सात केसेस घेऊन फिरणारी, आणि त्यांचा नेता तोपर्यंत झेडपीत पोचलेला. उलटही होतं, भाऊंचा पक्ष बदलला, सरकार बदललं, की हीच फाइल दुसऱ्याच्या हातात जाते. आज जो दोरी सैल सोडतो तो उद्या ओढू शकतो, किंवा दुसऱ्याला देऊ शकतो.

तर मग करायचं काय.

चार्जशीट अजून गेलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. हाच काळ सोन्याचा आहे आणि लोक नेमका हाच भाऊंच्या मागे फिरण्यात घालवतात. सगळ्यात आधी तुमच्या मुलाची केस बाकीच्या सगळ्यांपासून वेगळी काढा. सगळ्यांचा मिळून एक वकील, पार्टीनं दिलेला, फी नाही, अशी सोय भाऊ करून देतील, ती घेऊ नका. त्या वकिलाला माईकवाल्यांना पण सांभाळायचं असतं आणि तुमच्या मुलाचा बचाव "मी त्या जमावात नव्हतोच" असा आहे, बाकीच्यांचा "जमावच नव्हता" किंवा "समोरच्यांनी सुरू केलं" असा असेल, हे एका तोंडानं बोलता येत नाही. फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, स्त्री म्हणून तुम्हाला आणि कोठडीतल्या आरोपीला तर मोफत वकील मिळतोच, जामिनावर असलेल्याला उत्पन्नाच्या अटीत मिळतो, चौकशी करा, लाजू नका.

मग पुरावा. एसटी स्टँडवर तो होता, बरोबर? स्टँडसमोर एखादं मेडिकल, मोबाइलचं दुकान, हॉटेल असेलच, कॅमेरा असेल. दोन महिने झालेत, बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंग आठ-पंधरा दिवसांत पुसून त्यावरच नवीन चढतं, पण काही दुकानदार दंगलीच्या दिवसाचं काढून ठेवतात, विम्यासाठी किंवा भीतीनं, उद्याच्या उद्या जाऊन विचारा. मिळालं तर नुसतं मोबाइलवर पाठवून घेऊ नका, वकिलाला बरोबर न्या, पेन ड्राइव्हवर घ्या आणि नवीन पुरावा कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, कलम ६३ चं सर्टिफिकेट त्या दुकानदाराकडून सही करून घ्या, नाहीतर कोर्टात त्याची किंमत शून्य. मुलीचं तिकीट, बस किती वाजता आली, मुलानं तिला केलेले फोन, वाटेत कुठे फोन पे केलं असेल दहा-वीस रुपयांचं, पाणी घेतलं, वडापाव घेतला, त्याचा टाइम बघा. मला एका केसमध्ये एका पोराचं २० रुपयांचं पेमेंट सापडलं होतं, दगडफेकीच्या वेळेला अडीच किलोमीटर लांब, बाकी सगळ्या साक्षीदारांपेक्षा ते जास्त बोललं. त्याचा मोबाइल पोलिसांकडे जप्त असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा, ते तर तुमच्या हातात आहे.

हे सगळं जोडून तपास अधिकाऱ्याला आणि एसपी साहेबांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच नाही दिली तर रजिस्टर एडीनं पाठवा. अर्जात राजकारणाबद्दल एक शब्द नको. भाऊ, माईक, निवडणूक, काही नको. फक्त माझा मुलगा इतक्या वाजता इथे होता, हा घ्या पुरावा, तपास करावा आणि पुरावा नसल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८९ प्रमाणे रिपोर्ट पाठवावा. वकिलांमध्ये अजून सगळे त्याला जुन्या नंबरानं "एकशे एकोणसत्तरचा रिपोर्ट" म्हणतात. दंगलीच्या केसमध्ये पोलीस असे काही रिपोर्ट देतात, कारण त्यांनाही माहीत असतं की यादी फुगलीय. राजकारण लिहू नका असं का म्हणते, तर कोर्टाचं म्हणणं असं असतं की हेतू वाईट असला म्हणून खरा पुरावा खोटा होत नाही, आणि "तो सुटला मग मी का नाही" हा तर बचावच नव्हे. ज्यांना सोडलं त्यांना खटला चालू झाल्यावर, साक्षीत नाव आलं तर, कोर्ट स्वतः बोलावू शकतं, कलम ३५८. ते तेव्हा बघू. आज तुमच्या मुलाचं बघा.

आणि समजा चार्जशीटमध्ये नाव आलंच, तरी हातपाय गाळू नका. जमावाच्या केसमध्ये ज्या कलमावर सगळं उभं असतं ते म्हणजे समान उद्देश, जुनं १४९, आता न्याय संहितेतलं १९०. एकानं दगड मारला तर सगळे जबाबदार. म्हणून तर पोलिसांना ते आवडतं. पण सुप्रीम कोर्टानं १९७६ मध्ये मुसा खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या खटल्यात सांगून ठेवलंय की नुसतं तिथे असणं म्हणजे जमावाचा सदस्य असणं नव्हे. त्याच्याही आधी १९६४ मध्ये मसालती खटल्यात म्हटलंय की एवढ्या मोठ्या गर्दीत एखाद्याला दोषी धरायचं तर त्याच्याबद्दल किमान दोन-तीन साक्षीदारांनी एकसारखं सांगायला हवं. आणि मार्च २०२५ मध्ये गुजरातच्या २००२ च्या दंगलीतल्या एका गावच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सहा जणांना सोडलं, हेच कारण देऊन, की गावात दंगल झाली की लोक बघायला बाहेर येतात, सगळेच दंगेखोर नसतात. त्या सहा जणांना तेवीस वर्षं लागली ताई, हे मी लपवत नाही. म्हणून तर आत्ता, चार्जशीटच्या आधी, जोर लावा म्हणते, आणि चार्जशीट आलंच तर ६० दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून मोकळं करण्याचा अर्ज द्यायचा, १०९ असेल तर केस सेशन्स कोर्टात पाठवल्यापासून, मॅजिस्ट्रेटकडेच चालणार असेल तर कागद मिळाल्यापासून, ही मुदत वकिलाला आठवणीनं विचारा, नवीन आहे, कधी कधी राहून जाते.

एक गोष्ट मात्र मुलाला तुम्ही एकटीनं, समोर बसवून, शांतपणे विचारा. तू खरंच फक्त स्टँडवरच होतास का? चौकात थांबला होतास का, व्हिडिओ काढत होतास का, एखादा दगड हातात घेतला होतास का? ओरडू नका. खरं काय ते तुम्हाला आणि वकिलाला माहीत असलंच पाहिजे, नाहीतर कुठल्यातरी मोबाइलमधला व्हिडिओ साक्षीच्या दिवशी बाहेर येतो आणि सगळं कोसळतं. २२ वर्षांचं पोर आहे, गर्दीत पाच मिनिटं थांबलं असेल तर तो गुन्हा नाही, पण लपवलं तर घात होईल. आणि त्यानं खरंच काही केलं असेल तर त्याचाही रस्ता असतो, पण तो वेगळा असतो, मग मला पुन्हा लिहा.

भरतीच्या फॉर्मचं उत्तर एका वाक्यात आहे, खरं लिहा. फॉर्ममध्ये आणि नंतरच्या साक्षांकन नमुन्यात "आपणाविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय, अटक झाली होती काय" असं विचारलेलं असतं, तिथे हो, गुन्हा नंबर, कलमं, कोर्ट, सद्यस्थिती, सगळं. लोक सांगतील नाही लिही, जामीन झालाय, केस मागे जाणार आहे. ऐकू नका. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं याच प्रश्नावर सविस्तर सांगितलंय, माहिती दडवली तर तेवढ्यावरही नोकरी जाऊ शकते, आणि खरं सांगितलं तर गुन्हा कसला आहे, निकाल काय लागला ते बघून निर्णय घ्यायचा असतो. खरं लिहूनही अडचण येईल, मी खोटा दिलासा देत नाही, पोलीस खात्याची छाननी कडक असते आणि १०९ सारखं कलम असेल तर केस संपेपर्यंत बहुधा थांबावं लागेल. पण १८९ च्या रिपोर्टनं नाव निघालं किंवा कोर्टानं डिस्चार्ज केलं तर तो कागद छातीवर लावून जाता येतं. आणि इथेही भाऊंचा रस्ता कच्चा आहे, "शासनानं खटला मागे घेतला" या वाक्यात तुमचा मुलगा तिथे नव्हता असं कुठेच लिहिलेलं नसतं.

शेवटचं त्याच्या खोलीचं. तुम्ही लिहिलंय तो पूर्वी पहाटे पाचला ग्राउंडवर जायचा, आता उठतच नाही, कारण पहाटेच दार वाजलं होतं. त्याला एकट्याला पाठवू नका, पहिले आठ-दहा दिवस मिस्टरांना सोबत जाऊ द्या, त्यांनी पळायचं नाही, नुसतं कट्ट्यावर बसायचं. आणि रविवारच्या हजेरीला तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा, अंगणवाडीची साडी नेसून गेलात तरी चालेल, ठाण्यातल्या निम्म्या लोकांची पोरं तुमच्या हाताखालून गेली असतील. रजिस्टरवर सही झाली की तारीख आणि वेळ घरच्या वहीत लिहून ठेवा. त्या भाऊंची गाडी ठाण्याबाहेर उभी असेल, सोडतो म्हणतील घरी. चालत या.